मागून येणारा आवाज

मोटारीत पुढच्या आसनावर बसणे आमच्या नानांना कधीच रुचले नाही. घरातील वडील माणूस म्हणून आम्ही त्यांना पुढे बसण्याचा आग्रह करू लागलो, की "मला मागेच बरं" असे म्हणून ते मागील दार उघडीत, डाव्या खिडकीची काच थोडी खाली करीत, आणि हातातली काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून डोळे मिटून बसत. पाहणाऱ्यास वाटे, यांना झोप लागली. वस्तुतः ते ऐकत असत. रेल्वेचे डबे दुरुस्त करण्याच्या कारखान्यात त्यांचा सारा जन्म गेला होता. हातोडीने चाकावर टोला द्यावा आणि उमटलेल्या नादावरून चाक धड आहे की त्याला चीर गेली आहे हे सांगावे, ही विद्या त्यांना तेथे साधली होती. घरी नवा माठ आणला, तरी टिचकी मारून नानांनी तो पसंत केल्यावाचून त्यात पाणी भरले जात नसे.

अशा गृहस्थाच्या मुलाने तर्कशास्त्राचा अध्यापक व्हावे, आणि त्या शास्त्रातील अगदी पहिल्या धड्याचा विसर पडून त्या गृहस्थाच्याच कानांवर अविश्वास दाखवावा, ही गोष्ट सांगताना मला आजही संकोच वाटतो. परंतु अशी चूक पुष्कळांच्या घरी, निरनिराळ्या निमित्तांनी, होत असावी अशी शंका असल्यामुळे तो संकोच बाजूला ठेवून ती सांगतो. निमित्त मात्र अत्यंत रुक्ष आहे. मोटारीच्या मागील आसात दात्यांच्या चक्रांचे जे जोडकाम असते, ज्याला कारागीर मंडळी 'डिफरन्शियल' म्हणतात, त्याच्या आवाजाची ही हकीकत आहे.

गाडी नानांचीच. १९९१ साली निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून त्यांनी पुढल्या वर्षी ती घेतली. मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी टॅक्सी म्हणून त्या काळी जी पद्मिनी पावलोपावली दिसे, त्याच जातीची ती होती; इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. पुढे नानांची दृष्टी मंदावली तेव्हा चालकाची जागा माझ्याकडे आली, आणि नाना मागे गेले.

२६ जुलै २००५ हा दिवस कोणताही मुंबईकर विसरणार नाही. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. महाविद्यालयातून परतताना कुर्ल्याजवळ पाण्याने माझी वाट अडवली. गाडी जागच्या जागी सोडून मी कमरेइतक्या पाण्यातून चालत निघालो आणि मध्यरात्रीनंतर घरी पोचलो. गाडी रात्रभर पाण्यात उभी होती. ज्या आपत्तीत शेकडो माणसे गेली तिच्यात आपली मोटार भिजली, याचे दुःख कोणत्या तोंडाने करावे? इंजिनातील तेल बदलले, बैठकी उन्हात वाळवल्या, तारा पुसून घेतल्या. गाडी सुरू झाली, आणि आपण थोडक्यात सुटलो असे मी मानले. मागच्या आसाचे काय, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, आणि मलाही तो सुचला नाही.

त्या साली दिवाळीत भाऊबीजेला बहिणीकडे जात असता नाना मागून म्हणाले, "मागून काहीतरी रडतंय रे."

"रस्ता खडबडीत आहे, नाना."

थोड्या वेळाने नव्याने केलेला गुळगुळीत रस्ता लागला. "अजून रडतंय," नाना म्हणाले.

"टायर जुने झालेत. बदलून घेतो."

टायर जानेवारीत बदलले. त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत नानांनी सांगितले, "टायर बदललेस ते बरं केलंस. पण आवाज तोच आहे. चाळिसाच्या पुढे गेलास की सुरू होतो. पाय उचललास की सूर बदलतो."

साक्षीदाराने याहून नेमकी साक्ष ती काय द्यावी? परंतु मला काही ऐकू येत नव्हते, शेजारी बसलेल्या आमच्या सौभाग्यवतीलाही येत नव्हते. आणि दोघांना जे ऐकू येत नाही ते तिसऱ्याला येत असेल, तर दोष तिसऱ्याच्या कानांत, असा माझा सोयीचा न्याय होता. मी म्हणालो, "नाना, आता तुमचे कान..." वाक्य मी पुरे केले नाही. पुरे करण्याची गरजही नव्हती.

त्यानंतर नानांनी त्या आवाजाचा उल्लेख केला नाही. पंधरा दिवसांनी मात्र ते आपण होऊन म्हणाले, "मला एकदा कानाच्या डॉक्टरांकडे ने." डॉक्टरांनी तपासून सांगितले, की वयोमानाप्रमाणे उंच सुरांचे आवाज यांना थोडे कमी ऐकू येतात, काळजीचे कारण नाही. तो अभिप्राय मी मनातल्या मनात माझ्या बाजूचा पुरावा म्हणून दाखल करून घेतला. नाना परतताना मागे बसले होते. त्यांनी खिडकीची काच खाली केली नाही.

येथे वाचकांना त्या यंत्राची थोडी ओळख करून दिली पाहिजे. कारण ती मी वेळेवर करून घेतली असती तर पुढचे काही घडते ना. मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक वाट चालावी लागते. दोन चाकांमधील अंतर सव्वा मीटर धरले, तर काटकोनात एकदा वळताना बाहेरचे चाक आतल्याहून सुमारे दोन मीटर अधिक चालते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच ताठ दांड्याला जखडली तर त्यांतील एकाला फरफटत जावे लागेल. दोघांनाही ओढ मिळावी, आणि तरीही दोघांनी आपापल्या वाटेप्रमाणे कमी-अधिक फिरावे, ही अवघड तडजोड डिफरन्शियल घडवून आणते. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर याने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी या योजनेचे पेटंट घेतले. म्हणजे आजच्या मोटारीचा जन्म होण्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी.

या पेटीत शक्ती येते ती 'पिनियन' नावाच्या लहान चक्रातून. ते 'क्राऊन' नावाच्या मोठ्या चक्राला फिरवते, आणि लांबच्या लांब दांड्यातून आलेली गती काटकोनात वळून चाकांकडे जाते. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॅकार्ड गाडीने 'हायपॉइड' नावाचे दाते वापरात आणले. त्यांत पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्याहून खाली असतो. त्यामुळे गाडीचा तळ बुटका करता येतो, आणि दाते एकमेकांवर आदळण्याऐवजी घसरत लागत असल्याने आवाज फार कमी होतो. मात्र या घसरण्याची किंमत तेलाला मोजावी लागते. त्या दाबाखाली साधे तेल दात्यांमधून पिळून निघून जाते. म्हणून या पेटीसाठी गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे घातलेले दाट तेल लागते. ती संयुगे दात्यांच्या पृष्ठावर एक सूक्ष्म थर धरतात, आणि लोखंड लोखंडाला लागू देत नाहीत. 'नव्वद नंबर' म्हणून बाजारात जे उग्र वासाचे तेल मिळते, त्याचा उग्रपणा या गंधकामुळे असतो.

आता आमच्या गाडीत काय झाले ते सहज समजेल. चालून गरम झालेला आस थंड पाण्यात बुडाला, म्हणजे आतील हवा आकसते आणि श्वासनलिकेच्या छिद्रातून किंवा कडेच्या रबरी सीलमधून पाणी आत ओढून घेते. पाणी तेलात घुसळले गेले, की तेलाचे दुधाळ कालवण होते. ते दात्यांचे रक्षण करीत नाही आणि बेअरिंगना गंज आणते. बेअरिंग झिजले की पिनियन आपली जागा केसभर सोडते. केसभर म्हणजे किती? या दोन चक्रांत मोकळीक ठेवायची ती मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाएवढी. इतक्या नाजूक संसारात केसभर अंतरही पुष्कळ झाले. मग दाते चुकीच्या जागी एकमेकांना घासू लागतात, आणि प्रत्येक दात लागताना पेटी किंचित हादरते. क्राऊनला समजा ४१ दाते आहेत. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला साडेसात फेरे घेत असेल, तर सेकंदाला तीनशेच्या आसपास हादरे बसतात. हा सूर हार्मोनियमच्या मधल्या सप्तकात बसणारा आहे. वयामुळे जे सूर प्रथम हरवतात ते याच्या कितीतरी वरचे. डॉक्टरांचा अभिप्राय खरा होता. पण त्याचा या आवाजाशी काडीचाही संबंध नव्हता. नानांचे कान या सुरासाठी धडधाकट होते. शिवाय ते त्या पेटीच्या जवळजवळ डोक्यावर बसलेले होते, आणि मी इंजिनाच्या गोंगाटात.

मे महिन्यात पुण्याहून परतताना तो आवाज मला पुढे बसून ऐकू आला, तेव्हा तो रडण्याच्या पलीकडे जाऊन आक्रोश झाला होता. दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी गाडी उघडून पाहण्याऐवजी मला चालवायला सांगितले, आणि स्वतः मागील दार उघडून आत बसले. डाव्या बाजूला, नानांच्या जागेवर.

"साहेब, हळूहळू वेग वाढवा. आता पाय उचला. आता एका वेगावर धरा. आता न्यूट्रल करून गाडी घरंगळू द्या." मग त्यांनी मला खडबडीत रस्त्यावर नेले, गुळगुळीत रस्त्यावर नेले, एका मैदानाभोवती डावीकडे व उजवीकडे वळायला लावले, शेवटी गाडी उभी करून नुसते इंजिन जोराने चालवायला सांगितले. प्रत्येक वेळी ते एकच गोष्ट बदलीत आणि बाकीच्या तशाच ठेवीत. मी स्टिअरिंग धरून अवाक झालो होतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, आपल्याकडील नैयायिकांनी ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हटले, तो सारा धडा मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. आणि हे गृहस्थ तो चार चाकांवर करून दाखवीत होते.

परत आल्यावर त्यांनी उलगडा केला. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला असता तर तो टायरचा. उभ्या गाडीत आला असता तर इंजिनाचा. नुसता वळणावर आला असता तर पेटीतील आतल्या लहान चक्रांचा. गाडी सुटताना 'ठक्क' झाले असते तर दांड्याच्या सांध्याचा किंवा वाढलेल्या मोकळिकीचा. पाय दाबला-उचलला तरी एकसारखी घरघर राहिली असती तर नुसत्या बेअरिंगचा. पण येथे घरघर होतीच, आणि वर पाय उचलताच सूर बदलत होता. कारण गाडी ओढताना दात्याची एक बाजू लागते आणि घरंगळताना दुसरी. म्हणजे बेअरिंगपासून सुरू झालेला रोग दात्यांपर्यंत पोचला होता. पाय उचलला की सूर बदलतो, हे शब्द मी जानेवारीतच ऐकले होते.

पेटीचे बूच काढले तेव्हा दुधाच्या चहासारखे काहीतरी बाहेर आले, आणि त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. मिस्त्रींनी आतली चक्रे पुसून घेतली, तेलात कालवलेला शेंदूर क्राऊनच्या काही दात्यांना लावला आणि पिनियन हाताने फिरवले. शेंदरावर उमटणारा ठसा दात्याच्या मधोमध असावा लागतो. पिनियन दूर सरले असेल तर तो माथ्याकडे जातो, फार आत गेले असेल तर मुळाकडे. आमचा ठसा माथ्याच्या काठाशी एक बारीक रेघ होऊन राहिला होता.

"नवी बेअरिंग घालून, चकत्या लावून जागेवर आणता येईल ना?" मी विचारले.

"जागेवर येईल, पण आता दाते चुकीच्या जागेला सरावलेत. जोडीच बदलावी लागेल. एकटं पिनियन किंवा एकटं क्राऊन चालत नाही, साहेब. कारखान्यातच दोघांना एकमेकांवर घासून जुळवतात, जोडीचा नंबर एकच असतो." मग कपड्याला हात पुसत ते सहज म्हणाले, "हा आवाज आठ-दहा महिने तरी बोलत असणार. पहिल्यांदा बोलला तेव्हाच आला असतात, तर तेल, सील आणि फार तर एक बेअरिंग, एवढ्यावर भागलं असतं. मागं कुणी बसत नव्हतं का?"

या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही.

खर्चाचा आकडा ऐकून एका परिचिताने मला दुसरा उपाय सुचवला. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा त्यांना अनुभव होता. पेटीत लाकडाचा बारीक भुसा घालायचा. गिऱ्हाईक एक फेरी मारून पाहील तेवढ्यापुरता आवाज बसतो. "विकून टाका आणि मोकळे व्हा." हा उपाय ऐकून मला संताप आला, आणि तो सात्त्विक आहे असे मला क्षणभर वाटले. पण घरी जाता जाता ध्यानात आले, की भुसा घालण्याचे काम मी आधीच करून चुकलो होतो. पेटीत नव्हे, बोलणाऱ्याच्या तोंडात. आवाज बंद झाला होता आणि दात झिजत राहिले होते. बोलणे खरे की खोटे हे न तपासता बोलणाऱ्याच्या उणिवेवर बोट ठेवून ते उडवून लावणे, या हेत्वाभासाला आमच्या शास्त्रात नाव आहे, आणि परीक्षेत त्यावर दरवर्षी प्रश्न असतो.

त्या संध्याकाळी मी नानांना सारे सांगितले. क्षमा मागण्याची वाक्ये मनात जुळवून ठेवली होती, पण ती बोलण्याची वेळच आली नाही. नाना काठी बाजूला ठेवून पुढे सरकले आणि विचारू लागले, "पिनियनचं बेअरिंग ना? पुढलं की मागलं? तेल कसं निघालं, पांढरं?" मी शेंदराची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "आमच्याकडेही शेंदूरच लावीत," ते म्हणाले. मग थोडा वेळ थांबून, जणू स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे होता आवाज." त्या तीन शब्दांत जो सुटकेचा निःश्वास होता, तो ऐकल्यावर मला कळले, की चार महिने हा माणूस आपल्या कानांपुरताच नव्हे, आपल्या साऱ्या आयुष्याच्या विद्येविषयी साशंक होऊन बसला होता. जोडीची किंमत मला परवडली; ही किंमत काय होती ते आजही मांडता येत नाही.

नवी जोडी बसली. मिस्त्रींनी ताकीद दिली, की पहिले काही शे किलोमीटर गाडी सावकाश चालवा, ओझे लादू नका. नव्या दात्यांना एकमेकांची ओळख होऊ द्या. बाकी पथ्येही त्यांनीच सांगितली, आणि ती मागील चाकांवर चालणाऱ्या कोणत्याही गाडीला, जीपला वा टेंपोला आजही लागू आहेत. गाडी सपाट जागी उभी करून मधूनमधून पेटीतील तेलाची पातळी पाहावी. ते भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत असले पाहिजे. तेल त्या पेटीसाठी सांगितलेल्या जातीचेच घालावे, आणि तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नये. यातील काही संयुगे तेथील पितळी भागांना बाधतात. श्वासनलिकेचे छिद्र चिखलाने बुजू देऊ नये; बुजले तर आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर रेटतो, आणि ते थेट ब्रेकवर उतरते. दोन्ही मागील टायर एकाच मापाचे व सारख्याच झिजेचे असावेत, नाहीतर सरळ रस्त्यावरही पेटीला वळणाचे काम करीत राहावे लागते. क्लच झटक्याने सोडू नये. आणि गाडी आसापर्यंत पाण्यात गेली, तर इंजिनाइतक्याच तातडीने मागचे तेल उघडून पाहावे. या साऱ्यांत मिळून जो खर्च होतो, तो एका जोडीच्या किमतीपुढे नगण्य आहे.

नाना पुढे सहा वर्षे होते, आणि शेवटपर्यंत मागेच बसले. ते गेल्यानंतर गाडी विकली. काय बदलले व का बदलले, हे घेणाऱ्यास आधी सांगून विकली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही कायमच्या गेल्या. आजच्या बहुतेक लहान मोटारींची ओढ पुढच्या चाकांना असते, आणि डिफरन्शियल पुढेच गिअरबॉक्सच्या पोटात असते. विजेच्या गाड्यांत इंजिनाचा गोंगाटच नाही. म्हणून दात्यांचा बारीकसा सूरही त्यांत अधिक उघडा पडतो. यंत्रे बदलली, तरी ऐकणाऱ्याचे काम संपलेले नाही.

आता गाडी चिरंजीव चालवतात, आणि मी मागे बसतो. गेल्या महिन्यात मला मागून एक गुणगुण ऐकू आली. मी तसे म्हणालो. "बाबा, टायरचा असेल," तो म्हणाला. मी क्षणभर गप्प राहिलो. गप्प राहणे किती सोपे असते ते मला त्या क्षणी समजले. मग म्हणालो, "असेलही. पण गाडी बाजूला घे. मी चालवतो, तू मागे येऊन बस."

तो हसला, पण आला. खडबडीत रस्त्यावरून आणि गुळगुळीत रस्त्यावरून आम्ही एकेक फेरी मारली. आवाज टायरचाच निघाला. मला त्याचे यत्किंचितही वाईट वाटले नाही.